मारुतीला डब्याच्या फेऱ्या

धुळ्याच्या झुलालचे आठ बैल जळगावच्या बाजाराला निघाले आणि पोचले कुठं, तर चाळीसगावच्या पुढच्या एका फुटकळ टेसनावर. डब्याचा धुरा तापला म्हणून गार्डानं डबा तोडला, बाजूच्या रुळावर लोटला अन् बाकीची मालगाडी गेली निघून. बैल आत, कडबा आत, झुलालही आत. दुसऱ्या दिवशी बाजार, पोळ्याआधीचा शेवटचा. पोळ्याला नवी जोडी मिरवायची म्हणून लोक तिथं बैल घेतात. पोळा सरला की विकणाऱ्याला कुत्रं विचारत नाही.

बाजार हुकला. झुलालला आता एकच पाहिजे होतं. रेल्वेमुळं उशीर झाला, एवढी एक ओळ मास्तरच्या हातची. ती असली की भरपाईचा दावा लावता येतो.

मास्तर रतिलाल भला माणूस, पण असली ओळ लिहायची म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

"बैल उतरवून घे की, भाऊ."

"उतारी लिधात म्हंजे माल मी ताबामा लिधा आसं व्हई जाई, मंग दावा कसाना? मी काय येडा शे?"

"मग बस."

"बशेलच शे."

पोळा उजाडला. झुलाल जिच्या घरून पाणी आणायचा ती शेवंताबाई टेसनावर आली. बैल डांबलेलेच. "मास्तर, आज तरी त्यांना न्हाऊ घाला. पाप लागंल."

"बैल याचे. यानं घालावं."

झुलाल डब्यातूनच बोलला, "बैल आते तुमना ताबामा शेतस. मालक काळजी लेस तशी लेवानी, आसं तुमनाच पुस्तकमा शे ना?"

रतिलालनं नियमांचं पुस्तक उघडलं. तसंच होतं. "पण काळजीत पोळा येतो का?"

"मालक पोळा नाही करणार तर काय कलेक्टर करंल?" शेवंताबाई म्हणाली.

रतिलाल घाबरला. आगीच्या लाल बादल्यांनी बैल न्हाले, सिग्नलच्या रंगानं शिंगं रंगली, मास्तरीणबाईनं पुरणपोळ्या चारल्या. मग गावकरी म्हणाले, मारुतीला फेऱ्या नको? मारुती रुळाच्या जळगावकडच्या टोकाला, फाटकापाशी. बैल तर उतरवायचे नव्हते. मग डबाच न्यायचा ठरला. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून तीस बाप्ये खांदा लावून उभे. मारुतीभोवती रूळ नव्हता, तेव्हा जाऊन आलं की एक फेरी धरली. पुढं हिरवं निशाण घेऊन मास्तर, मागं ढोल, अन् दारात झुलाल नारळ घेऊन नवरदेवासारखा. पाच फेऱ्या झाल्या.

रतिलाल असा खूश झाला की संध्याकाळी त्यानं आपणहून ती ओळ लिहिली. खाली दिवसाची सगळी हकीकतही लिहिली. इमानी माणूस.

दोन दिवसांनी डबा जळगावला पोचला. बाजारात शेण तेवढं उरलं होतं. झुलाल आठही बैल हाकत पायी घरी आला अन् दावा लावला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. सदर डबा पोळ्याच्या दिवशी दहा वेळा हलल्याची नोंद आहे, सबब तो थांबून राहिला हे म्हणणं मान्य नाही.

झुलाल कागद घेऊन तडक रतिलालकडे गेला. रतिलालनं वाचून मान खाली घातली.

"मास्तर, बठ्ठं खरं शे, कागदमा काहीच खोटं नई. पाच फेऱ्या, जावानं-येवानं दहा," झुलाल खाली बसत म्हणाला. "पन त्यामा पाच येळा तुम्ही माना बैल धुळाकडे मांगे आनात. त्याना दावा लाऊत का?"

रतिलालनं पुस्तक काढलं.