मास्तरांनी आनंद निवडला

मास्तर शाळेत शिकवत नसत, गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. पण मास्तरांचा खरा भरवसा स्वतःच्या घशावर. "ब्रेक! अहो, ब्रेक! पाय आहे का खांब?" ही आरोळी चौकातल्या दुकानदारांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ज्या दिवशी ती ऐकू यायची नाही, त्या दिवशी ते एकमेकांना विचारायचे, मास्तर आजारी आहेत का? मास्तरांच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे सासऱ्यालाही घाबरत नाही, असं लोक म्हणत.

जेवणाच्या बाबतीतही तोच आडदांडपणा. मीठ वरून घ्यायचं, तळलेलं असेल तर आधी ते संपवायचं, आणि भाजी उरली की बायकोकडे बघून म्हणायचं, "ही सशाला दे."

एका सकाळी फुलांचं दुकान चालवणारी एक बाई त्यांच्याकडे शिकत होती. तिने ऐन सिग्नलला गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले. मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. बाईला वाटलं, आज मास्तरांनी आपल्याला माफ केलं. मग तिने मान वळवून पाहिलं तर मास्तरांचा चेहरा राखेसारखा पडलेला, शर्ट घामाने चिंब, एक हात छातीवर. बिचारीला तिसरा गिअर अजून यायचा होता. तिने गाडी दुसऱ्यावरच बोंबलत दवाखान्यात नेली आणि थेट आत जायच्या पायरीला ठोकली. मास्तर वाचले ते तिच्यामुळे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर पुढचा बंपर कितपत गेला.

छाती उघडून ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी आहार समजावून सांगणाऱ्या बाई त्यांच्या खाटेशी आल्या. तरुण, हसऱ्या, गोड आवाजाच्या. मीठ कमी, तेल कमी, साखर जवळजवळ बंद, भाज्या भरपूर, रोज चालणं. हे सगळं मास्तरांच्या बायकोने ओठ हलवत पाठ करून घेतलं. शेवटी बाई म्हणाल्या, "आणि काका, टेन्शन घ्यायचं नाही. आनंद ही निवड असते. रोज सकाळी उठायचं आणि ठरवायचं, आज मी आनंद निवडणार."

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण तेव्हा ते फार घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाच्या मनात शब्द खोल जातात. त्यांनी विचारलं, "म्हणजे टेन्शन देणारं काही जवळच येऊ द्यायचं नाही?"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. गिऱ्हाइकाने घेतलेल्या पँटची उंची कमी कर, कंबर ढिली कर, बाही आत घे, असं दिवसभर चालायचं. ब्लाउजच्या पुढच्या बाजूला टाचण्या टोचलेल्या असायच्या. कितीदा त्या तशाच घेऊन ती घरी यायची आणि स्वयंपाकाला लागायची. आता स्वयंपाक वाढला. पहाटे भाज्या चिरणं, कडधान्यांना मोड आणणं, सूप गाळणं, दुपारचा डबा, संध्याकाळचं वाफवलेलं. मीठ कमी करून चव राखायची तर दुप्पट खपावं लागतं. ती लिंबू, मिरी, भाजलेला लसूण असे काय काय खटाटोप करायची. मास्तर चवीने खायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "मनावर घेतलं की सगळं गोड लागतं."

मास्तर बदलले ते खरोखरच बदलले. गाडी शिकवणं सोडलं, ओरडणं सोडलं. सकाळी बागेत चालायला जायचे, तिथल्या मंडळींबरोबर हात वर करून हसायचे. घरी कुणी काही कुरकुर केली की पंजा पुढे धरायचे, रहदारी थांबवावी तसा. "टेन्शन नको." घराचं छत गळायला लागलं, पंजा. शेजारच्या म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला, पंजा. गल्लीतले लोक आधी हसले, मग त्यांना कौतुक वाटू लागलं. आजारपणाने माणूस सुधारला, म्हणाले.

त्यांची एकुलती एक मुलगी, तिला घरात बबडी म्हणत, दुसऱ्या गावी एका कचेरीत नोकरीला होती. एक दिवस ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. नवऱ्याने दुसरीशी सूत जुळवलं होतं. काकूने तिला जवळ घेतलं, दोघी स्वयंपाकघरात रडल्या. मास्तर बाहेर गाजर खात बसले होते. जेवताना त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "राहा हवे तितके दिवस. पण हे तोंड घेऊन जेवायला बसत जाऊ नकोस. मला पचत नाही."

"बाबा, माझा संसार मोडलाय."

पंजा वर आला. "तुझ्यासाठीच सांगतोय. निवडायचं असतं ते."

बबडी दुसऱ्या दिवशी निघून गेली. स्टॅंडवर पोचवायला काकू गेली. "मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली, "त्यांचं हृदय नाजूक आहे आता."

"आणि तुझं?" बबडीने विचारलं.

"माझं काय, मला कुठे काय झालंय?"

पण झालं होतं. काकूच्या पोटात कधीपासून दुखत होतं. आधी तिला वाटलं, कच्च्या भाज्यांनी असेल. मग रक्त पडू लागलं. ती वाळत चालली. दुकानात इतर बायकांचे कपडे आत घेता घेता ती स्वतःचेही घ्यायची. मास्तरांच्या ते लक्षात आलं. एका सकाळी बागेतल्या मंडळींपुढे त्यांनी तिला उभं केलं. "बघा. माझ्याबरोबर खाऊन हिचंही वजन उतरलं. या वयात मुलीसारखी दिसतेय की नाही?" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काकू हसली. टाळ्यांनी ती लाजली आणि तिला बरंही वाटलं, हे सांगायलाच हवं. पुष्कळ वर्षांत नवऱ्याने तिला कुणासमोर असं दाखवलं नव्हतं.

डॉक्टरकडे ती गेली ती दुकानातून परस्पर. तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टर म्हणाले, "मिस्टरांना घेऊन या." काकू म्हणाली, "त्यांना नाही सांगता येणार. त्यांचं ऑपरेशन झालंय." डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "बाई, आत्ता विषय त्यांचा नाही." तिने मुलीचा नंबर दिला.

मास्तरांना सांगितलं ते असं की बबडीला धीर हवाय, महिनाभर तिच्याकडे राहून येते. मास्तरांनी एवढंच विचारलं, "माझ्या सूपचं काय?" काकूने जायच्या आधी बरण्या भरल्या, बिया भाजून ठेवल्या, शेजारणीला सगळं पढवलं. पोटाला उशी बांधून ती ओट्याशी उभी राहायची, म्हणजे दुखणं दबायचं.

बबडीच्या गावातल्या दवाखान्यात तिचं पोट उघडलं आणि फारसं काही न करता शिवून टाकलं. ती गुंगीत असताना मास्तरांचा फोन आला. बबडीने उचलला.

"आईला विचार, भोपळ्याच्या बिया कुठल्या डब्यात आहेत?"

बबडीने फोन कानापासून दूर धरला. मग परत जवळ आणला. "बाबा, आईला कॅन्सर आहे. आज पोट उघडलं होतं. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "हे मला असं फोनवर सांगतात? मी घरात एकटा आहे. मला काही झालं असतं तर?"

"तुम्ही या, बाबा."

"बघतो. आधी बीपी तपासून घेतो."

ते आले, पण आठवड्याने आले. स्वतः गाडी चालवत आले, हातात पिशवी, तिच्यात सफरचंदं, जवस आणि कसलीतरी हिरवी पूड. काकूला सलाइन चाललं होतं. ती पांढऱ्या चादरीखाली इतकी लहान दिसत होती की मास्तर दारातच थबकले. बबडीने ते पाहिलं आणि क्षणभर तिला वाटलं, आता रडतील. ते रडले असते तर पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं. पण त्यांनी दोनतीन खोल श्वास घेतले, बागेत घेत तसे, आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

"काय गं, हे काय मांडलंयस?"

"अहो, आलात," काकू म्हणाली. "चालणं होतंय ना रोज?"

"माझं सगळं व्यवस्थित आहे. तुझं बघ आता." ते स्टूल ओढून बसले. "हे बघ, मीही या खाटेवर होतो. मी ठरवलं, जगायचं. तू ठरवलंच नाहीस. आतल्या आत कुढत राहिलीस. मुलीचं दुःख घेतलंस, दुकानाचं घेतलंस, सगळं पोटात ठेवलंस. मग पोट दुसरं काय करणार?"

बबडी खिडकीशी उभी होती. तिने वळून पाहिलं, पण आईने डोळ्यांनी तिला गप्प केलं.

"अजून वेळ गेलेली नाही," मास्तर म्हणाले. "आनंद निवड."

काकूचे ओठ कोरडे पडले होते. ती हळूच म्हणाली, "मला घरी न्याल का?"

मास्तरांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "घरी कसं जमेल? रात्रंदिवस हे डोळ्यांसमोर... मला डॉक्टरांनी काय सांगितलंय, तुला माहीत आहे. उद्या मीच आडवा झालो तर बबडी कुणाकुणाकडे बघेल?" आणि मग, जणू तिच्यावर मेहेरबानी करत असल्यासारखं, "तू इथेच राहा. इथे बरं आहे."

"बरं," काकू म्हणाली.

खाली येऊन मास्तर गाडीत बसले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ते बराच वेळ तसेच बसून होते. एकदा त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली टेकवला. मग मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. ती भरभर पडत होती. त्यांनी पाय आत घेतला, दार लावलं आणि निघून गेले.

वर बबडी आईला म्हणत होती, "मी त्यांना ओढून परत आणते. पायाशी बसवते तुझ्या."

"बोलावू नकोस त्यांना परत."

"का? त्यांना त्रास होतो म्हणून?"

"नाही गं," काकू म्हणाली, "मला होतो."

एवढं बोलून ती स्वतःच चकित झाली. लग्नानंतर इतकं सरळ वाक्य तिच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच आलं असावं. मग काकूला हसू आलं, हसताना टाके दुखले, आणि दुखतंय म्हणून बबडीही हसू लागली.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "यांना घरी न्या. जे खावंसं वाटेल ते देत जा. आता कसलंच पथ्य नाही." बबडीचा चेहरा उजळला. काकूचा नाही. तिने इतकी पथ्यं सांभाळली होती की पथ्य कुणाचं उठवतात, हे तिला नेमकं कळलं. पण तिने ते मुलीला सांगितलं नाही.

बबडीच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर बसून ती म्हणाली, "तळलेले बटाटे आण. खूप मीठ घातलेले." बबडीने कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम पुडा आणला. कागदाला तेल सुटलेलं. काकूने एक काप जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मीठ चोखत राहिली. तिसऱ्यालाच गिळवेना. उरलेले तिने बबडीला खायला लावले आणि ती कशी खाते ते बघत बसली. "कुरकुरीत आहेत ना?" विचारत राहिली. "अजून घे."

त्या महिन्याच्या शेवटी ती गेली. मास्तर आले, फिकट चेहऱ्याने कोपऱ्यात उभे राहिले. लोकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, एकाने पंखा त्यांच्याकडे वळवला. "तुम्ही सांभाळा हं स्वतःला," सगळे म्हणत होते. त्यांनी ते मनापासून ऐकलं. जेवणाची वेळ टळू नये म्हणून ते इतरांच्या आधी निघाले.

पुढच्या वर्षी दवाखान्याने बऱ्या झालेल्या पेशंटांचा मेळावा घेतला. आहारवाल्या बाईंनी मास्तरांना बोलायला उभं केलं. ते छान बोलले. बायको गेल्याचंही बोलले, आवाज न कापता, आणि म्हणाले, "तेव्हाही मी आनंदच निवडला." सभागृहात काही जणांनी डोळे पुसले.

तपासणीचा निकालही उत्तम आला. रक्तवाहिन्या मोकळ्या, हृदय दहा वर्षांनी तरुण, डॉक्टर म्हणाले. ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून त्यांनी बबडीला फोन लावला. ती कचेरीत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"छान," ती म्हणाली.

"तू कशी आहेस?"

बबडीने समोरची फाइल पुढे ओढली.

"मजेत, बाबा."

"हं, असं पाहिजे," मास्तर म्हणाले. त्यांनी फोन ठेवला, बूट चढवले आणि ते चालायला गेले. बबडीने त्यांचा नंबर पुसून टाकला आणि समोरचं काम पुढे सुरू केलं. मास्तर त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.