सीताफळाचा पेपर

केजकडच्या एका महाविद्यालयात शहादेव सर शिकवत वनस्पतिशास्त्र, पण त्यांचं नाव निघे सगळ्याच शास्त्रांत. कबड्डीपटूंच्या दमावर त्यांचा संशोधनाचा पेपर होता, लेझरवर होता, तळ्यातल्या माशांवर होता आणि एक तर ग्रामीण बँकांवरही होता. बँकेत सर फक्त पासबुक भरायला जात.

हे कसं घडलं ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. लग्नात आपण ज्याला आहेर करतो, तो माणूस आपल्या घरच्या कार्यात तो परत करतो; नाही केला तर पुढच्या वेळी त्याला पत्रिका जात नाही. स्टाफरूमनं हीच रीत विज्ञानात आणली. दुसऱ्यानं त्याच्या पेपरात आपल्या पेपरचं नाव घेतलं की आपल्या नावावर एक सायटेशन चढतं, आणि बढतीला सायटेशन लागतात. मग क्रीडाशिक्षक बंकट सरांच्या पेपरवर लेखक म्हणून शहादेव सरांचं नाव आलं आणि शहादेव सरांच्या शेवाळाच्या पेपरात कबड्डीचा दाखला आला. शेवाळाचा आणि कबड्डीचा संबंध काय, असं विचारणारा अडाणी. भौतिकशास्त्राचे मुजाहिद सर तर एवढे दिलदार, की मागायच्या आत आहेर करून मोकळे होत.

या भरल्या मांडवात सरांचा एकच पेपर कोपऱ्यात एकटा बसला होता. सीताफळाचा. फळ काळं पडून झाडावरच दगडासारखं सुकतं ते का, यापायी सरांनी सहा-सात बहार घालवले होते. त्यांच्या पत्नी वनमालाबाईंच्या भावाची बाग तेलगावला. सुट्टी लागली की नवराबायको तिकडं जात; सर झाडं तपासत आणि वनमालाबाई काळी फळं चिरून देत. शेवटी उलगडा झाला. झाडावर राहिलेली सुकी फळंच पुढच्या बहाराला रोग देतात, पावसाळ्याआधी ती तोडून पुरली की बाग निरोगी राहते. हा पेपर सरांनी एकट्यानं लिहिला. आयुष्यात एवढ्या एका गोष्टीत त्यांना वाटेकरी नको होता. शेवटी फक्त वनमालाबाईंचे आभार मानले होते. आता आहेर केलाच नाही, तर परत कोण करणार? सायटेशन शून्य.

यंदा प्रोफेसरपदाच्या मुलाखतीला बाहेरून तज्ज्ञ आले. पद तर सरांना हवंच होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की जाणत्या माणसानं एकदा सीताफळाबद्दल विचारावं. उत्तर त्यांनी कधीचं तयार ठेवलं होतं. वनमालाबाईंनीही त्या आशेनंच भावाच्या बागेतली एक पेटी समितीसाठी पाठवली होती.

तज्ज्ञ फळ फोडून चमच्यानं खात होते. "कबड्डी ते लेझर," ते म्हणाले. "एवढा मोठा आवाका मी तरी बघितला नाही." सर विनयानं खाली बघत राहिले. यादीवरून सरकणारं तज्ज्ञांचं बोट मग थांबलं.

"हे सीताफळाचं मात्र खटकतंय. बाकी सगळीकडं पाच-सहा नावं, इथं तुम्ही एकटे. भाषाही वेगळीच. आणि एकानंही दखल घेतलेली नाही. खरं सांगा, कुठून उचललंय?"

याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. सर खुर्चीतून अर्धे उठले. "ते माझंच हाय, सर," ते म्हणाले. घरची भाषा तोंडातून निघाली हे त्यांना कळलंही नाही. "तेवढंच माझं हाय."

"असेल हो. चौकशी लावू, सिद्ध होईल. पण चौकशी लागली की बाकीचे पेपरही उघडणार." तज्ज्ञ मायेनं बोलत होते. "त्यापेक्षा हे एक काढून टाका. यादी कशी स्वच्छ दिसेल."

दाराच्या फटीतून हार घेऊन उभे असलेले बंकट सर आणि मुजाहिद सर दिसत होते. एक खरं सिद्ध करायचं तर अख्खा मांडव पेटणार होता. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि सीताफळावर आपल्या हातानं काट मारली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तज्ज्ञांनी बिया बशीत काढल्या. "फळ मात्र निर्मळ आहे. आमच्याकडं निम्मी झाडावरच काळी पडतात. इकडं काय करता?"

"सुकी फळं पावसाआधी तोडून पुरतो."

"कुणी शोधून काढलं?"

सर काट मारलेल्या ओळीकडं बघत राहिले. "इकडं सगळेच करतात," ते म्हणाले.

एकदाचं घोडं गंगेत न्हालं. संध्याकाळी सत्कार झाला, बंकट सरांनी भाषणात सरांना विज्ञानातला अष्टपैलू खेळाडू म्हटलं, आणि सर शाल-नारळ घेऊन घरी आले. वनमालाबाईंनी त्यांना ओवाळलं. तबक खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आपल्या सीताफळाच्या पेपरचं काय म्हनले?"

सरांनी शालीची घडी घालायला घेतली. "लई गोड हाय म्हनले. अजून एक पेटी मागितलीय."

वनमालाबाईंनी तबक खाली ठेवलं. मग पेपरचं पुन्हा नाव न काढता त्या पेटी भरायला उठल्या.