याडीला शिवी

तांड्यात जिवनबाईच्या तोंडाला सगळेच भ्यायचे, पण तिच्या शिव्यांचा पहिला मान देवीचा. गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आईलाही याडी म्हणतात आणि देवीलाही. त्यामुळे लहानपणी तिच्या मुलीचा, निताचा गोंधळ व्हायचा, की कोणती याडी कोणत्या याडीला बोलतेय. लिंबाखालच्या चबुतऱ्यावर शेंदूर फासलेली मरियामा याडी, आणि तिच्यासमोर कमरेवर हात देऊन उभी असलेली आई. गारांनी हरभरा झोडपला, गाय गाळात फसली, विजेचं रोहित्र जळालं, की जिवनबाई तिथे हजर.

"बकरं खायला दात व्हते, अन् राखण कराया डोळे न्हाईत व्हय गं, सटवे?"

घरात ती गोरमाटी बोले, देवीला शिव्या मात्र मराठीतून. गोरमाटीतली शिवी घरचीच वाटते, लागत नाही, असं तिचं म्हणणं होतं. आणि भांडून झालं की संध्याकाळी चबुतऱ्यावर दिवा लावायला हीच जायची.

दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा संतोष सिद्धेश्वरच्या धरणात मासे धरायला गेला. जाळ्यात पाय अडकला. तिसऱ्या दिवशी वर आला, तेव्हा माशांनी त्याचे ओठ खाल्ले होते. दात उघडे पडले होते, हसल्यासारखे. जिवनबाईने ते पाहिलं, पायातली चप्पल काढली आणि चबुतऱ्याकडे गेली.

"सटवे! गिळलंस ना माझं लेकरू? मग ढेकर दे! ढेकर दे!"

शब्दागणिक चप्पल. शेंदराचे पापुद्रे उडाले, खालचा काळा दगड दिसू लागला. तांड्यातला पेमा तिला धरायला धावला. तांड्याच्या नायकाने, सत्तरीच्या म्हाताऱ्या नेमसिंगने, त्याचं मनगट पकडलं.

"मारू दे. आईचं अन् याडीचं भांडण है. आपून कोन मधी पडणार?"

चार दिवस देवीपुढे दिवा लागला नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या रुख्मिणीबाईने लावला, आणि जिवनबाईच्या घरीही भाकर नेऊन दिली.

पेमाला मात्र देवीवरची ती चप्पल सहन झाली नव्हती. सव्वा वर्षाने तोच तिला डोंगरकडा गावाच्या अलीकडच्या, आडरस्त्याला असलेल्या एका मठात घेऊन गेला. तिथल्या बाबाला भक्त 'मालक' म्हणत. मालक तिला म्हणाला, "पोरगं देवीनं नाही नेलं, बाई. तुझ्या जिभेनं खाल्लं."

निता पुढे या वाक्याचा खूप विचार करत राहिली. मरियामाने आईला कधीच काही कारण दिलं नव्हतं. याने दिलं. जिवनबाई त्या दिवसापासून घरी परतली नाही.

निता हिंगोलीत कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. बोलणं मोजकं, आवाज कधी चढला नाही. आईची जीभ हिला लागलीच नाही, असं तांडा म्हणायचा. आई मठात गेल्यापासूनच्या सात महिन्यांत तिने धर्म आणि पंथ यांवर मिळेल ते वाचलं, टिपणं काढली, आणि ती घेऊन पोलीस ठाण्यात गेली. जमादाराने चहा मागवला.

"म्याडम, तुमची आई सज्ञान है. सोताच्या मर्जीनं गेली."

"तिथे तिच्या जिभेवर कापूर जाळतात, असं ऐकलंय."

"तिनं सोता येऊन सांगावं. आन एक विचारू का? राग नका मानू. तुमच्या तांड्यात देवीपुढं बकरं कापतेत, तो धर्म. तिकडं कापूर जाळतेत, तो अधर्म. व्हय ना? मंग फरक सांगा. मी लिहून घेतो." त्याने खरंच पेन उघडलं.

निताजवळ अकरा पानांची टिपणं होती. तिला एकही ओळ वाचवेना. प्रत्येक मुद्दा जमादाराच्या टेबलापर्यंत जाईतो उलटून तिच्याच देवीवर येत होता. ती उठली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती, तिचा बा वसराम आणि नेमसिंग जीप करून मठात गेले.

पत्र्याची उंच भिंत. आत स्वच्छ फरशी, मधोमध धुनी, आणि पन्नासेक माणसं असूनही आवाज नाही. दारात प्रेमाताई उभ्या होत्या: सुती साडी, चष्मा, कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका.

"या ना. चपला तिकडे. आवाज मात्र हळू हं. इथे भक्तांचं मौन असतं."

जिवनबाईला आणलं. कोपराच्या वरपर्यंतच्या तिच्या पांढऱ्या बांगड्या नव्हत्या. त्यांच्या जागी फिकट कातडीचे पट्टे होते. ती निताकडे पाहत होती, पण ओळखीच्या दुकानाकडे पाहावं तशी.

"याडी, घरी चल."

तिने मान हलवली. नाही.

"जिवन," वसराम म्हणाला, "म्हैस व्याली. कोनाला हात लावू देऊन न्हाई राहिली. मला दोन लाथा हाणल्या."

आईची नजर क्षणभर हलली. पुन्हा थिजली.

धुनीपलीकडे मालक बसला होता. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, पायांवर शाल. त्याच्या मागे काठी घेऊन पेमा उभा होता. "दार उघडंच आहे," तो म्हणाला. "तिला विचारा."

"तोंड उघड, याडी," निता म्हणाली.

जिवनबाईने मालकाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, तेव्हा तिने तोंड उघडलं. जिभेच्या मधोमध खड्डा होता. कडेने पांढरी साल सुटलेली, मागे काळं पडलेलं. कापरात मिसळलेला सडक्या मांसाचा वास आला.

"रोज पहाटे एक वडी," प्रेमाताई हळू आवाजात म्हणाल्या. "ती स्वतः मागून घेते. आम्ही फक्त पेटवतो."

निताला ओरडायचं होतं आणि ओरडायचं कसं ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात नेमसिंग गुडघे धरत मालकासमोर बसला.

"मालक, एक पुसू? हिनं आमच्या देवीला चपलेनं मारलं. आमी हिला भाकर नेऊन दिली. तुमाला कोनी शिवी दिली, तर तुमी काय देता?"

"मला इथे कोणी शिवी देत नाही, बाबा."

"काहून? देऊन तं पाहू." आणि म्हाताऱ्याने बसल्या बसल्या, शांतपणे दिली. "भाडखाऊ. बाईची जीभ जाळून वास घेतो व्हय रे?"

पहिली काठी पेमाने मारली.

ती नेमसिंगच्या कानामागे बसली आणि पागोट्याचा वेढा सुटून त्याच्या तोंडावर आला. मग चारही बाजूंनी माणसं आली. वसरामने मध्ये हात घातला. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज ओली फांदी मोडावी तसा झाला. निताला दोघींनी केसांना धरून फरशीवर दाबलं. तिचा गाल दगडाला चिकटला होता आणि डोळ्यांसमोर फक्त पाय होते, अनवाणी, धुतलेले. नायकाच्या बरगड्यांवर टाच बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. रक्त फरशीच्या सांधीतून सरळ रेषेत तिच्याकडे येत होतं. आणि मारणारे सगळे गप्प होते. एक शिवी नाही, एक हुंकार नाही. मौनाचा नेम मोडू न देता ते माणूस मारत होते.

त्या शांततेत कोणीतरी ओरडलं.

अक्षरं मोडकी होती. जिभेला टाळू सापडत नव्हती. "अटवे! गि...ळंस... ना!" निताने मान वळवली. जिवनबाईने धुनीतलं जळतं लाकूड उचललं होतं. पेमा तिच्यापुढे आला. लाकूड त्याच्या खांद्यावर बसलं, तो बाजूला कोसळला. ती मालकापर्यंत पोचली.

"माझं... एकऊ! एकर दे! एकर दे!"

शब्दागणिक लाकूड. मालकाच्या गालावर, मानेवर. शालीने पेट घेतला. तोही पहिल्यांदा माणसासारखा किंचाळला. जिवनबाईच्या तोंडातून रक्त आणि लाळ गळत होती, आणि निताला, फरशीला चिकटलेल्या निताला, सात महिन्यांत पहिल्यांदा आपली आई दिसत होती.

प्रेमाताईंनी पितळेची समई दोन्ही हातांनी उचलली. पहिला घाव डोक्यावर पडला तेव्हा जिवनबाई नुसती थांबली, काही आठवल्यासारखी. दुसऱ्याला गुडघ्यांवर आली. तिसरा घालताना प्रेमाताईंचा चष्मा पडला, आणि समई खाली ठेवून त्या तो चाचपडत शोधू लागल्या.

मालकाची शाल विझवायला सगळे धावले म्हणून ही चौघं बाहेर पडू शकली. जीप नांदेडच्या रस्त्याला लागली. आईचं डोकं निताच्या मांडीवर होतं. ओढणी भिजली, मग सीट भिजली. डोंगरकडा मागे पडलं तेव्हा तिचे ओठ अजून हलत होते. पुढचा फाटा यायच्या आत थांबले.

आता जमादाराने भराभर लिहून घेतलं. "म्याडम, आता काम सोपं झालं. खुनाचं कलम है. फरकाची गरज न्हाई." प्रेमाताईंनी जबाब दिला की त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या मर्जीने केलं. मालक दवाखान्यात होता. आठ दिवसांत त्याच्या जळक्या गालाचा फोटो भक्तांनी पूजेला लावला.

जिवनबाईला तांड्याच्या मसणवट्यात जाळलं. तिसऱ्या दिवशी बायका निताच्या घरी बसल्या होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडत होत्या. निताला रडू येत नव्हतं. ती उठली आणि ऊन डोक्यावर असताना चबुतऱ्याकडे गेली. बायका मागोमाग आल्या. डोक्याला पट्टी बांधलेला नेमसिंग लिंबाखाली बाजेवर पडला होता.

मरियामाच्या अंगावर अजून ते जुने ओरखडे होते. त्यांच्यावरून शेंदूर पुन्हा फासलेला, तरी दिसत होते.

निताने चप्पल काढली. तिने आयुष्यात कोणाला शिवी दिली नव्हती.

"तू... गिळलीस माझी याडी. ढेकर दे."

आवाज पुस्तकातला निघाला. तिला स्वतःलाच ऐकवेना. चप्पल हातातच राहिली. तिला वाटलं, आता कोणी येऊन मनगट धरेल. मागे पाहिलं. कोणी उठलं नव्हतं.

रुख्मिणीबाई नाक पुसत पुढे आली.

"तसं न्हाई, बाई. जिवन तसं न्हाई म्हनायची. आदी सटवे म्हन. जोरात. तिला कमी ऐकू येतं."

"अन् चप्पल टाचेकडून धर," बाजेवरून नेमसिंग म्हणाला. "अशानं हातातून सुटंल."

निताने चप्पल फिरवून धरली. छातीत काहीतरी फाटत वर येत होतं.

"सटवे!" ती म्हणाली.

"अजून," रुख्मिणीबाई म्हणाली.