कॉम्प्युटरचं खरं वय

“किती सालचा आहे, काकू?” टेबलाखाली वाकून निकितानं विचारलं.

“एकोणीसचा,” मंगलाबाईंनी ठोकून दिलं.

खरं तर कॉम्प्युटर सोळा सालचा होता. पण पंचवटीत वधूवर सूचक केंद्र चालवता चालवता मंगलाबाईंच्या जिभेला एक वळणच पडलं होतं. कुणाचंही वय तोंडातून निघताना त्यातली दोन-तीन वर्षं वाटेतच गळून पडायची. टक्कल पडलेल्या मुलाला त्या भारदस्त म्हणत आणि भांडकुदळ घराला मोकळ्या स्वभावाचं. याचा पश्चात्ताप त्यांना कधी झाला नाही. त्यातून संसार उभे राहिले होते आणि बरेचसे टिकलेही होते.

आज मात्र प्रश्न त्यांच्या स्वतःच्या केंद्राचा होता. पत्रिका जुळवायच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती फक्त नव्या विंडोजवर चालणार होती. इंदिरानगरला राहणारा मुलगा, ललित, कधीपासून मागे लागला होता, आता पुरे कर, आमच्याकडे राहायला ये. शेवटी मायलेकांत ठरलं, की या कॉम्प्युटरवर नवं विंडोज बसलं तर केंद्र चालू, नाही बसलं तर बंद. नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही, हेही त्यानं वदवून घेतलं. म्हणून आज कॉम्प्युटर दुरुस्त करणारी निकिता तपासायला आली होती.

“काय काय लागतं गं या नव्या विंडोजला?”

“मेमरी, डिस्क, सुरक्षेची एक चिप. आणि प्रोसेसर जरा नवा लागतो.”

“म्हणजे उंची, शिक्षण, स्वतःचं घर! अगं, असल्या अटीवाल्यांना मी कितीदा वाकवलंय. आधी आपल्या मुलाचे गुण सांगायचे. कधी आजारपण नाही, रोज वेळेवर उठतो.”

निकिता खळखळून हसली आणि तिनं तपासणी सुरू केली. घरात पाहुणे आल्यासारखा मंगलाबाईंनी पदर सावरला. मेमरीपुढे हिरवी खूण आली, डिस्कपुढेही आली. प्रोसेसरपुढे मात्र लाल फुली उमटली. बाजूला कॉम्प्युटरचं वयही लिहून आलं, नऊ वर्षं.

“काकू, एकोणीसचा ना?”

“मेल्यानं स्वतःच सांगून टाकलं की!” मंगलाबाई आधी हसल्या आणि मग त्यांना एकदम भरून आलं. इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या घरी नकार गोड करून पोचवले होते. आज नकार त्यांच्याच घरी आला, तेव्हा तो गोड करून सांगायला कुणी नव्हतं.

निकितालाही वाईट वाटलं. “ललितदादांना सांगायचं का, बसलं म्हणून? जुन्यावरच रेटा थोडे दिवस. त्यांना काय कळतंय?”

मंगलाबाईंना मोह झाला. फोन लावेपर्यंत तो होताच.

“ललित, नाही बसत रे. वय झालंय त्याचं,” त्या म्हणाल्या. “हो, बंद. ठरलं म्हणजे ठरलं.”

तोवर निकिता सगळी स्थळं पेनड्राइव्हवर उतरवायला लागली होती. एका नावाशी ती थबकली.

“काकू, ही मी आहे! आईनं नाव नोंदवलंय वाटतं, मला न सांगता. आणि वय एकोणतीस? मी बत्तीसची आहे.”

“सवय गं हाताची,” मंगलाबाई ओशाळल्या.

“मग खरं लिहा. ज्याला यायचंय त्यानं बत्तीस वाचून यावं.”

मंगलाबाईंनी चष्मा लावला, निकिताला बाजूला सारलं आणि एका बोटानं आकडा बदलला. मग खुर्ची पुढे ओढून त्या स्थळं चाळायला लागल्या.

“अहो काकू, केंद्र बंद झालं ना?”

“उद्यापासून. आज चालू आहे,” त्या म्हणाल्या. “येवल्याचा एक नवनाथ आहे बघ. शाळेत शिक्षक, हसतमुख. चौतीसचा...”

त्यांनी चष्म्यावरून निकिताकडे पाहिलं.

“सदतीसचा.”