बँकेला कसली घाई

सकाळी मोबाइलवर बँकेचा ईमेल आला आणि घड्याळजींचा चहा कपातच निवून गेला. ‘प्रिय ग्राहक, आपले खाते आज संध्याकाळी बंद होईल. ते वाचवण्यासाठी खालच्या लिंकवर ताबडतोब पासवर्ड भरा.’ वर बँकेचं चिन्ह, खाली साहेबाची सही.

खातं नवराबायको दोघांचं. ती गेल्यावरही त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. खातं गेलं तर पैशांबरोबर तेवढं नावही जाणार. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करताना केसाएवढे स्क्रू धरलेल्या बोटांनी ते अक्षरं दाबू लागले. पासवर्डची निम्मी अक्षरं भरून झाली आणि नजर ‘ताबडतोब’वर अडखळली.

बँक, आणि ताबडतोब?

जुन्या शाखेत नंबराचा पितळी बिल्ला मुठीत धरून बाकावर बसावं लागे. बायको लोकर घेऊनच यायची. पैसे हातात पडेतो स्वेटरची एक बाही विणून उतरायची. भिंतीवरचं घड्याळ कायम मागे. एकदा न राहवून घड्याळजी म्हणाले, “साहेब, फुकट दुरुस्त करून देतो.”

“अर्ज द्या,” साहेब म्हणाले.

मंजुरी आली तोवर भिंतीवर नवं घड्याळ लागलं होतं, आणि तेही मागे पडलं होतं. घर येईपर्यंत बायकोचं हसू थांबेना. “अहो, बँकेला कसली घाई? घाई चोराला असते!”

बोट थांबलं. “सूनबाई, जरा बघतेस का हे?”

सुनेने पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून पाहिला. नाव बँकेचं, पत्ता भलताच. “बाबा, हे बँकेचं नाहीच! पासवर्ड दिलात?”

“निम्मा लिहिलाय. पाठवला नाही.”

“देवा! बंद करा आधी ते. पण तुम्हाला शंका आली कशी?”

“तुझ्या सासूबाई म्हणाल्या.”

सुनेने गार चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला नेला.

तरी जिवाला चैन पडेना म्हणून ते स्वतः शाखेत गेले. खिडकीतल्या मुलीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. खातं जागेवर होतं, आणि दोन्ही नावंही. पासवर्ड तेवढा बदलून घ्या म्हणाली, तोही तिथेच बदलून झाला.

“झालं आजोबा.”

“इतक्यात?” घड्याळजी हिरमुसले. “मग जरा बसू का इथे?”

ते बाकाच्या एका कडेला बसले. सवयीने त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मेलं घड्याळसुद्धा अगदी बरोबर चाललं होतं.