पट्टीचा रियाज

"वहिनी, वाळूच्या पिशव्यांपर्यंत ठीक आहे. मनगटाला पट्टी आली, की पोरीला घरी घेऊन या."

लोणंदच्या बाजारात मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या सम्मेदनं मला हे सांगितलं, तेव्हा मी हसून विषय बदलला. तो बाळासो मेजरांचा जुना शिष्य. पखवाज सुटला, दुकानात बसावं लागलं, म्हणून बोलत असेल असं वाटलं. माझ्या फोनवर काच चिकटवायला त्यानं बायकोला हाक मारली, तेही मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि घरी आले.

बाळासो मेजर म्हणजे निवृत्त हवालदार. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. देवळाच्या मंडपात ते मुलांना पखवाज शिकवायचे, पण सगळं भरतीच्या तयारीसारखं. आधी लाकडी पाटावर नुसती बोटं चालवायची. पाट आवाजाला साथ देत नाही, त्यामुळं सगळा जोर स्वतःचा लागतो. मग मनगटाला वाळूच्या पिशव्या बांधून तेच बोल, आधी संथ, मग दुप्पट लयीत. पिशव्या सोडल्या की हात आपोआप पळायचे. माझी चौथीतली शिवांजली धुमकिट अशी वाजवायला लागली, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं दोघं बसलेत. तिचे पप्पा जम्मूहून फोनवर ऐकायचे आणि खूश व्हायचे. त्यांनाही ट्रेनिंगमध्ये पाठीवर वजन लादूनच पळवलं होतं.

मी बी.एस्सी. झालेय. तरी दिवाळीनंतर मेजरांनी लवचिक पट्टी काढली, मुरगळलेल्या पायाला बांधतात तसली, तेव्हा मी एवढंच विचारलं की इतकी घट्ट कशाला. कोपरापासून मनगटापर्यंत ती आवळायची, बोटं बधिर होईपर्यंत थांबायचं आणि मग वाजवायचं.

"मुंग्या येणारच, ताई," मेजर म्हणाले. "बधिर हातानं जमलं, तर मोकळ्या हाताला पंख फुटत्यात. ही आमची चंदना बगा. हूं न्हाई का चूं न्हाई."

चंदना सांगलीच्या जैन व्यापाऱ्याची मुलगी, शिवांजलीच्याच वयाची, मेजरांच्या घरी राहून शिकणारी. ती खाली मान घालून पाट वाजवत होती. तिची नखं जांभळी दिसत होती. महिला मंडळाच्या भजनस्पर्धेत साथीला दोघींपैकी एकीलाच बसवणार होते. मी शिवांजलीचा हात पुढं केला.

सुरुवातीला ती रडली. मग रडायची थांबली. मला वाटलं, सरावली. शाळेतल्या बाईंनी कळवलं, हिच्या हातातून पेन्सिल सारखी सुटते. मी जाड पेन्सिल आणून दिली.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, त्यानं आवाज खोल होतो. एका रविवारी शिवांजली आदल्या दिवशीची वाळलेली कणीक सुरीनं खरवडत होती आणि मी ओट्याशी भाकरी थापत होते. नवी कणीक लावून ती वाजवायला लागली. इतक्या वेगात तिनं कधीच वाजवलं नव्हतं. कौतुकानं मी वळले, तर कणीक गुलाबी झाली होती. बघता बघता लाल. डाव्या हाताच्या बोटाची टोकं सुरीनं कापली होती, आणि ती माझ्याकडं बघून हसत वाजवत होती.

"शिवा, थांब. दुखत नाही का गं?"

"काय दुखायचंय?" तिनं हात उलटा केला, आणि मग मात्र तिचा चेहरा पडला.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा दबल्यात. लहान आहे, संवेदना परत येईल, पण किती, ते आत्ताच सांगता येणार नाही.

मी तशीच मंडपात गेले. मंडप रिकामा होता. स्पर्धा जवळ आली म्हणून मेजर चंदनाला घेऊन आटपाडीकडं, कुणा पाहुण्यांच्या मळ्यात गेले होते. तिथं दिवसभर रियाज करता येतो म्हणे. फोन लावला. मी डॉक्टरांचं सगळं सांगत होते, ते शांतपणे ऐकत होते, आणि त्यांच्या मागं पखवाज वाजत होता. माझं बोलणं संपेपर्यंत तो एकदाही थांबला नाही.

"तुमची पोर लय नाजूक निगाली," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग सांगलीला चंदनाच्या आईला, गुणमालाताईंना, फोन केला. माझ्या मुलीची जागा गेली म्हणून मी कान भरतेय, असं त्यांना वाटलं असणार. त्या गोड बोलल्या. म्हणाल्या, "आमची आता अजिबात कुरकुर करत नाही हो. उलट सांगते, आई, काहीच होत नाही." पोलीस पाटलांकडंही गेले. गुरू-शिष्याच्या मध्ये आपण पडू नये, असं त्यांचं मत पडलं. आता मेजर माझा फोन उचलत नाहीत. शिवांजलीला रोज साताऱ्याला न्यावं लागतं, तिला टाकून मळे शोधत फिरता येत नाही.

स्पर्धा अजून व्हायची आहे. आटपाडीच्या बाजूला कुणी राहत असाल आणि एखाद्या डाळिंबाच्या बागेतून दिवसभर पखवाज ऐकू येत असेल, तर काय हात आहे म्हणत पुढं जाऊ नका. आत जा. प्यायला पाणी मागा. चंदनाला डोळे मिटायला सांगा, तिचं एक बोट हळूच धरा, आणि कुठलं धरलंय ते तिला विचारा.