गव्हाचे पाणी

दुर्गेश्वरी पाण्याच्या मोटारीचे बटन दाबणार, तोच सासरे उदाराम यांनी पेटीवर आडवा हात धरला.

“नको दाबू, बाई.”

“काऊन, मामाजी? गहू सुकून राहिला ना.”

“सुकू दे.”

बांधावरून जाणारा शेजारचा खुशाल थांबला. “काय गा उदारामभाऊ, यंदा गव्हालेही उपास धरवला का?” असे म्हणून तो एकटाच हसला आणि चालता झाला.

गेल्या पौषात उदारामांनी सांजवेळी याच गव्हाला पाणी सोडले होते. पहाटे शेतालगतच्या, कामठा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असे धुके बसले, की आपला हात आपणास दिसेना. त्या धुक्यात त्यांचा पुत्र, दुर्गेश्वरीचा नवरा उमेंद्र मोटारसायकलसह उभ्या ट्रॅक्टरवर आदळला व गतप्राण झाला. यंदा दिवाळीनंतर नात भूमिका ओसरीवर धडा वाचत होती. ओल्या जमिनीची वाफ हवेत मिसळते, रात्री हवा गारठली की त्याच वाफेचे बारीक थेंब होतात, तेच धुके. उदारामांच्या हातातील घास हातातच राहिला. तेव्हापासून ते मोटारीपाशी फिरकले नव्हते.

“मग पोरीले काय खाऊ घालू?” दुर्गेश्वरीने विचारले.

उदाराम रस्त्याकडे पाहत राहिले.

“त्या सांजेले पानी मीच सोडलो होतो.”

दुर्गेश्वरीने हळूच हात मागे घेतला.

त्या रात्री आभाळ निरभ्र होते, वारा पडलेला होता. उजाडण्यापूर्वी उदाराम वावरात आले आणि बांधावर थबकले. धुके आले होते. रस्ता, बाभळी, पलीकडचा तलाव, सारे त्याने गिळले होते. त्यांनी वाकून जमिनीच्या भेगेत बोटे घातली. माती कोरडी ठणठणीत होती. मिशांवर मात्र थेंब साचले होते.

“मामाजी, तुमी हा का जी तिथं?” धुक्यातून सुनेचा आवाज आला.

“वावर कोरडंच हाये, बाई.” ते उठून उभे राहिले. “तरी धुकं आलं.”

दुर्गेश्वरी पेटीकडे वळली. मग मोटारीची घरघर सुरू झाली आणि पाट भरत आला. उदारामांनी फावडे उचलले, पण मग बाजूला ठेवले. अखेर ते खाली बसले, रस्त्याकडच्या वाफ्याचे तोंड त्यांनी हातांनीच उकरून मोकळे केले आणि पाणी आत शिरू लागले तसे उमेंद्र गेल्यापासून प्रथमच, लहान लेकरासारखे, मोठ्याने रडू लागले.